गोधडीवरचं गाव

काल मेडशीच्या घरी जुनी गोधडी उन्हात टाकली आणि तापलेल्या सुताच्या वासानं मी तीस वर्षं मागे गेले.

धरणात आमचं गाव बुडालं, तेव्हापासून बाबा गावाचं नावही काढत नसत. एका दुपारी आईनं अंगणात ही गोधडी पसरली आणि त्यांना हाक मारली, "इकडं या, पाहा जरा."

मला आधी नुसती ठिगळं दिसली. मग दिसलं, माझ्या निळ्या फ्रॉकची विहीर झाली होती, आत्याच्या हिरव्या लुगड्याचं शेत, आजोबांच्या फेट्याचं मारुतीचं देऊळ. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईनं अख्खं गाव सुईनं उभं केलं होतं!

बाबा खाली बसले. त्यांचं बोट आमच्या दारापासून विहिरीपर्यंत टाक्याटाक्यानं चालत गेलं आणि थांबलं.

"अन् आपला कडूनिंब?"

"तो नाई लावला. कुठी होता, ते तुमीच सांगा मले."

तेव्हा वाटलं, आई विसरली. आज कळतं, तिनं ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती. बाबांनी तिथं बोट टेकवलं आणि गावाबद्दल बोलू लागले. दिवेलागणीपर्यंत ते बोलत होते, आणि आई ऐकत ऐकत टाके घालत होती.