मानाचा कासरा

देशातली संस्थानं विलीन झाली, राजांचे तनखे बंद झाले, तरी पारनेर तालुक्यात राजेशाही नव्वद सालानंतरही ठणठणीत होती. ती माझ्या बायकोच्या मामांच्या डोक्यात होती आणि दर दोन महिन्यांनी एसटीने नगरला येऊन माझ्या घरी आठ-आठ दिवस मुक्काम करायची. मी हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत असे. दिवसभर लोकशाहीवर घसा कोरडा करून घरी यावं, तर माझ्या एकुलत्या एका वेताच्या खुर्चीत फेटा बांधलेले मामा बसलेले. "या जावईबापू, बसा," असं माझ्याच घरात मला सांगायचे, आणि मला बसायला उरायचं ते पाटाएवढं स्टूल.

मामांच्या घराण्याकडे गावची वतनी पाटीलकी होती. सरकारने ती केव्हाच मोडीत काढली. दुसरा माणूस अशाने खचला असता, पण मामा उलट खुलले. "सत्ता गेली ह्ये लई बेस झालं. आता निस्ता मान ऱ्हायला. आता मी खरा राजा झालो," असं ते म्हणायचे. विलायतेची राणी, जपानचा बादशहा, नेपाळ-भूतानचे राजे, सगळ्यांच्या बातम्या ते पेपरातून कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवत, आणि कापत ते माझा पेपर, मी वाचायच्या आत. राणीच्या वाड्याला आग लागल्याचं वाचून त्यांनी दोन दिवस गोड खाल्लं नाही. आमच्या शाळेचे पत्रे वादळात उडाले, तेव्हा मात्र बासुंदीची दुसरी वाटी मागून घेतली होती.

मला सर्वांत संताप यायचा तो त्यांच्या मत न देण्याचा. पाटीलकी गेल्यापासून त्यांनी एकदाही बोटाला शाई लावून घेतली नव्हती. "राजानं मत दिलं का तो एका बाजूचा झाला. मंग दुसऱ्या बाजूच्यांनी कुनाकडं बघायचं?" मी तडकून म्हणालो, "मामा, तुम्ही राजे नाही. तुम्ही तीन एकर बाजरीचे मालक आहात." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मालक न्हाई, जावईबापू. राखनदार." अशा माणसाशी काय बोलायचं? रेशनच्या रांगेतसुद्धा ते फेटा बांधून उभे राहत आणि राजाने पुढे घुसू नये म्हणून येईल त्याला पुढे सोडत. त्यांचा नंबर येईपर्यंत रॉकेल संपलेलं असे. मामी ओली लाकडं फुंकत म्हणायच्या, "राज्य ह्यांचं आन् धूर माज्या डोळ्यात." गावातल्या दोन पार्ट्यांची लग्नं एकाच दिवशी निघाली, तर मामा दोन्हीकडे पोटभर जेवले. एकीकडे कमी जेवलो असं कुणी म्हणायला नको! पोट बिघडलं ते दुरुस्त करायला अर्थातच माझ्याकडे आले.

या सगळ्या राज्याला उभ्या वर्षात काम एकच. पोळ्याच्या दिवशी वेशीच्या तोरणाखालून पहिला बैल मामांचा जायचा आणि त्याच्यामागे गावचे बैल. त्याशिवाय पोळा फुटत नसे. त्या वेळचा मानाचा बैल एका डोळ्याने अधू, म्हातारा खिल्लार होता. जोडीदार आधीच गेलेला. मामांच्या मुलाने जुना ट्रॅक्टर घेतला होता आणि त्याला बैल नको होता. एकदा तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "दाजी, चारा मिळंना झालाय. तुमीच समजावा. तुमच्याशी भांडत्यात, पर तुमचंच ऐकत्यात."

मी वाटच पाहत होतो. पुढच्या मुक्कामात मामांना समोर बसवून मी तासभर बोललो. आता लोकांनी निवडलेला सरपंच आहे, पहिला मान त्याच्या बैलाचा, जन्माने मिळालेल्या मानाचा आजच्या काळात कुणाला काडीचा उपयोग नाही, वगैरे वगैरे.  मामा उठले आणि मला म्हणाले, "खुर्चीत बसा." तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. आठवड्याने बैल टेम्पोत चढून घोडेगावच्या गुरांच्या बाजाराला गेला आणि गावात निरोप फिरला, 'औंदापासून मान सरपंचाचा.'

पोळ्याला मी मुद्दाम गेलो. माझ्या शिकवण्याला उभ्या हयातीत आलेलं ते पहिलं फळ होतं. दुपारी वेशीजवळ सगळे बैल जमले, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. सरपंचाचा बैल पुढे निघाला, तोच विरोधी पार्टीच्या पुढाऱ्याने आपला आडवा घातला. "एका मतानं निवडून आलास म्हंजी गावाचा राजा झालास व्हय रं?" एकही बैल हलेना. तास गेला, दोन तास गेले. बैलांच्या तोंडाला फेस आला, मग काठ्या निघाल्या. मी पारावर चढून बहुमताचा अर्थ समजावू लागलो, तर खालून कुणी तरी म्हणालं, "मास्तर, उतरा, न्हाईतर उतरवू." मी उतरलो.

शेवटी सरपंच आणि तो पुढारी दोघेही मामांच्या दारात आले. मी मागे होतोच. मामा ओसरीवर बोडक्या डोक्याने बसले होते. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. सरपंच म्हणाला, "पाटील, चला आता. ह्यो मागं सरंना आन् मला सरता येईना."

"बैल कुटं हाय माज्याकडं?"

"बैल नसू द्या. तुमी चला."

मामांनी फेटा बांधला, सावकाश, एकही पीळ न चुकवता. खुंटीवरचा कासरा काढून हातात घेतला आणि निघाले. तोरणाखालून ते एकटेच गेले, कासरा सैल धरून, शेजारी एका बैलापुरती जागा सोडून. कुणी हसलं नाही. त्यांच्यामागून दोन्ही पार्ट्यांचे बैल एकदमच निघाले, वेशीत रेटारेटी झाली, ढोल वाजला आणि पोळा फुटला.

दिवेलागणीला मी त्यांना शोधत गोठ्यात गेलो. सवयीने मामींनी बैलाच्या नैवेद्याचं ताट केलं होतं. ते घेऊन मामा रिकाम्या दावणीपाशी उभे होते. माझ्या जिभेवर आलं होतं की मामा, मी हरलो, राजाचा उपयोग असतो. पण त्यांच्याकडे बघून ते बोलवेना.

"मान न्हाई ऱ्हायला तरी चालतंय वो, जावईबापू," ते म्हणाले. "पर त्याला एका डोळ्यानं दिसत न्हवतं. टेम्पोत चढताना बिचकत हुता. मी म्होरं हुईन म्हनून थांबला, मंग मीच म्होरं झालो."

 मग त्यांनी ताटातली पुरणपोळी उचलून माझ्या हातावर ठेवली. "खावा. आज कुनी तरी खाल्ली पायजे."

इतक्या वर्षांत तेवढं एकदाच मी त्यांच्याशी वाद घातला नाही. दावणीपाशी उभा राहून अख्खी पोळी खाल्ली.