खुर्चीवरून दिसलेली प्रदक्षिणा

मी माझ्या बायकोशी खोटं बोललो होतो, आणि ते खोटं काळजीच्या नावाखाली बरेच महिने चालवलं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे दत्तगुरूंच्या कृपेबद्दल जे लिहिणार आहे ते कोणत्या माणसाच्या वाट्याला आलं हे वाचणाऱ्याला कळेल.

वसुधाच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशनचा शेक. दिल्लीत सरकारी नोकरीत माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत, पण इतकं परकं हे शहर मला कधी वाटलं नव्हतं. केमोच्या दिवसांत एकदा ती जिन्यात चक्कर येऊन पडली. मी दोन पायऱ्या पुढे होतो, ऑफिसच्या फोनवर बोलत. मागे वळलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि मलाच म्हणत होती, "काही नाही हो, तुमचं बोलणं होऊ द्या." तो आवाज माझ्या मनातून गेलाच नाही. त्या गुरुवारी मी दत्ताच्या देवळात जाऊन म्हणालो, महाराज, हिला सांभाळा, दर गुरुवारी हिच्या वाटच्या प्रदक्षिणाही मीच घालीन.

उपचार संपले तेव्हा वसुधा तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेली होती आणि डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अब इन्हें घर में बिठाकर मत रखिए. रोज़ चलें, हाथ की कसरत करें. शरीर ही नहीं, मन भी संभलेगा." मी मान हलवली. बाहेर आलो तेव्हा वसुधा कोपरापाशी कापूस दाबून बसली होती, चेहरा पांढरा. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पूर्ण आराम सांगितलाय."

मग मी तो आराम तिच्याकडून करवून घेतला. पोळ्यांना बाई ठेवली. हात सुजतो असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून पाण्याची बाटलीही तिला उचलू देईना. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकायचो. तो थांबला की हाक मारायचो. ती सकाळी उशिरा उठू लागली, बोलेनाशी झाली, ऑपरेशनच्या बाजूचा हात अंगाशी घट्ट धरून तासन्‌तास खिडकीपाशी बसू लागली. मुलगी गुडगावहून फोनवर म्हणायची, "बाबा, आईला बाहेर काढा ना यार, ती बिल्कुल गप्प झालीय." मी म्हणायचो, डॉक्टरांनी सांगितलंय. एकच खोटं, पण त्याला रोज नवं करावं लागत होतं.

गुरुवारी मात्र मी तिला देवळात न्यायचो. छोटंसंच देऊळ आहे, मागे औदुंबर, आणि दोन्हींना वळसा घालणारी फरशीची वाट. दारापाशी एक लाल प्लास्टिकची खुर्ची असते. तिच्यावर वसुधाला बसवायचं, तिची पर्स आणि फोन माझ्याकडे घ्यायचा, आणि फेऱ्या मी घालायच्या. एकदा ती म्हणाली, "दत्त महाराज मला खुर्चीसकटच ओळखत असतील." मी हसलो. आज वाटतं, ते हसण्यासारखं नव्हतं.

थंडीतला गुरुवार होता, हवा धुरकट. मी नेहमीसारखा चालत होतो. प्रत्येक फेरीला खुर्ची दिसली की जीव खाली यायचा. एका फेरीला कोपरा वळून आलो आणि खुर्ची रिकामी.

मी फाटकाकडे धावलो. रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. पाय धुवायच्या नळापाशी गेलो, तिथे नव्हती. फोन करायला खिशात हात घातला तर तिचा फोन माझ्याच हाताला लागला. प्रसाद वाटणाऱ्या गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, "आत्ता तर इथेच होत्या वहिनी." डोळ्यांपुढे तो जिना आला. परत खुर्चीपाशी पोचलो. मी तिच्या खुर्चीत बसलो, तिची पर्स मांडीवर घेऊन, आणि मनात म्हणालो, महाराज, मला नाही जमत. आता तुम्हीच बघा. इतक्या महिन्यांत इतकं खरं मी देवाशी एकदाही बोललो नव्हतो.

आणि देवळाचा कोपरा वळून वसुधा आली. चालत. तिच्याबरोबर सलवार-कुर्त्यातल्या एक बाई होत्या, एका हातावर, सूज येऊ नये म्हणून घालतात तशी कातडीच्या रंगाची घट्ट बाही चढवलेल्या. वसुधाचा तो जपलेला हात आज अंगापासून सुटला होता. बोटं देवळाच्या भिंतीवरून सरकत होती. मी उठायला गेलो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "माझी अजून एक फेरी राहिलीय."

त्या बाई हसल्या. "भाईसाहब, पर्स आप ही संभालिए. बहनजी ने हाथ जैसे पकड़ रखा था, मैं समझ गई. मैं भी बहुत दिन ऐसे ही बैठी थी."

त्या दोघी पुढे गेल्या, आणि मी बसून राहिलो. त्या खुर्चीवरून माणसं येतात आणि कोपऱ्याआड जातात, एवढंच दिसतं. वसुधा दर गुरुवारी हेच बघत होती.

त्या बाई फेरी झाल्यावर हात जोडून निघून गेल्या. पुढच्या गुरुवारी मी त्यांना शोधलं, त्यानंतरही शोधलं. गुरुजींना त्या आठवत नाहीत. त्या कोण होत्या यावर मी वाद घालत नाही. मी महाराजांकडे मागितलं होतं की हिला सांभाळा, आणि मागून झाल्यावर सांभाळण्याचं सगळं काम स्वतःच्या मुठीत धरून बसलो होतो. मूठ सुटली ती हार मानून, श्रद्धेने नव्हे. तरीही महाराजांनी ती हार चालवून घेतली. त्यांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पण त्या संध्याकाळी एवढं सुचायला वेळ नव्हता. वसुधा माझ्या शेजारी उभी राहून चपला घालत होती. कपाळावर घाम होता, धाप लागली होती, आणि डोळ्यांत कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं होतं. मग ते पुन्हा विझलं.

"डॉक्टरांना कळलं तर रागावतील का हो?" तिने हळूच विचारलं. "आराम मोडला मी. तुम्ही नका सांगू त्यांना. पुन्हा नाही करणार."

तिचा तो आनंद माझ्या खोट्यामुळे गुन्हा ठरत होता. मी तिची पर्स तिच्या हातात दिली, फोन दिला. आजूबाजूला माणसं होती, तरी हात जोडले गेले.

"वसुधा, डॉक्टरांनी आराम सांगितलाच नव्हता. रोज चाल, हात हलव, असं सांगितलं होतं. मी घाबरलो आणि तुझ्याशी खोटं बोललो. तू खिडकीपाशी बसून राहिलीस ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ कर."