अन्नपूर्णेखालचा लाल कागद

माझ्या लेकीची पहिली कादंबरी छापून आली आणि अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावातल्या ओळखीच्या एकूण एक बायकांनी फोन करून अभिनंदन केलं. मी गोड बोलून फोन ठेवायचे आणि पुन्हा त्याच पानाशी येऊन अडकायचे. कादंबरीतली मुलगी रेवासारखीच, चीनमध्ये जन्मलेली आणि अमेरिकेतल्या मराठी घरात दत्तक आलेली. मोठेपणी आपली मुळं शोधायला ती परत चीनला जाते. तिची इथली आई दर फोनवर ‘जेवलीस का?’ एवढंच विचारते. ते वाचून मी हसलेसुद्धा, कारण ती मीच की! पण पुढे लिहिलं होतं, ‘मला सोडताना कुणी माझ्यासाठी एक अक्षरही ठेवलं नव्हतं.’ ते खरं नव्हतं, आणि खरं नाही हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

रेवा अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला आणायला गेलो होतो. हे आत कागदपत्रांवर सह्या करत होते. तिला सांभाळणाऱ्या बाईने पोर माझ्या कडेवर दिली आणि एक लाल कागद माझ्या मुठीत दाबला. पोरीच्या दुपट्यात सापडला, असं खुणेनं सांगितलं. त्यावर चिनी अक्षरं होती. दहा वर्षं मुलासाठी झुरलेली बाई मी, त्या चिटोऱ्याला घाबरले. यात गावाचं नाव असेल, उद्या ही तिकडे निघून गेली तर? घरी आल्यावर तो कागद मी देवघरात नेला. माझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा तांदळाच्या वाटीत बसलेली असते, त्या तांदळाखाली ठेवला. देवापाशी ठेवलंय म्हणजे लपवलं थोडंच, अशी स्वतःची समजूत काढली. ह्यांनाही बोलले नाही. दर शुक्रवारी वरचे तांदूळ बदलायचे आणि जुने त्या दिवशीच्या भातात घालायचे, हे मात्र पंचवीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

आता रेवा खरोखरच चीनला निघाली होती. शिकागोहून फक्त एका दुपारपुरती ती आमच्याकडे येणार होती. लायब्ररीत तिच्या कादंबरीचं वाचन होतं, आणि त्याच संध्याकाळी ती परत जाणार होती. त्या सकाळी मी अन्नपूर्णेसमोर उभी राहिले. म्हटलं, “बाई गं, इतकी वर्षं तुला माझ्या चोरीवर बसवलं. आता धीर दे. काहीतरी खूण दे.” वाट पाहिली. फूल पडलं नाही, समईची ज्योत हलली नाही, काही म्हणजे काही झालं नाही. मग माझाच मला राग आला. खुणेची वाट बघत बसलीस तर पोर विमानात बसेल, ऊठ! मी कागद काढला, पर्समध्ये ठेवला आणि ठरवलं की आज त्याच्यासकट घरी यायचं नाही.

वाचन झालं, सह्या झाल्या, लोक पांगले. मी टेबलाशी गेले.

“रेवा, तुझ्या पुस्तकातलं एक वाक्य चुकलंय. चूक माझी आहे.” आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तिचा चेहरा पांढरा पडला. “आई, ट्वेंटी-फाइव्ह इयर्स? मी हे बुक लिहीत होते, तेव्हा यू जस्ट वॉच्ड?”

“हो. तू जाशील म्हणून घाबरले होते. आताही घाबरलेय. पण हे तुझं आहे.”

तिने कागद उलगडला. कॉलेजात ती थोडं चिनी शिकली होती, पण अक्षर घाईतलं, शाई विटलेली, वर हळदीकुंकवाचे डाग. तिला लागेना. सहीसाठी मागे थांबलेली एक म्हातारी चिनी बाई पुढे आली. चष्मा लावला, ओळींखालून बोट फिरवत आधी स्वतःशी वाचलं, मग इंग्रजीत सांगू लागली. जन्माची तारीख. गावाचं नाव. मग ती थांबली, चष्मा काढून डोळे पुसले आणि शेवटची ओळ सांगितली. आमच्या घरी खायला नाही. जी कुणी हिला उचलेल, तिच्या घरी हिला रोज पोटभर भात मिळो.

कागदाच्या घडीत तांदळाचा एक दाणा अडकला होता. रेवाने तो बोटावर घेतला. “हा तांदूळ... फ्रायडेचा? तोच मी खात होते?”

“तोच गं.”

मी खुर्चीत बसून सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. त्या बाईने सही घेतली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पार्किंगकडे निघून गेली. रेवाने कागदाची घडी घालून तो पुस्तकात ठेवला.

“आय अॅम स्टिल अँग्री, आई.”

“अस रागावलेली. गाडीत डबा आहे, तेवढा घेऊन जा.”

तिने डबा घेतला.

चीनला पोचल्यावर तीन दिवस तिचा फोन नाही. मीही केला नाही. ते जमवायला काय लागलं ते माझं मला माहीत. शुक्रवारी सकाळी तांदूळ बदलताना वाटी रिकामी केली, तर तळाशी कागद नव्हता. इतकी वर्षं मी म्हणत होते की कागद देवीच्या स्वाधीन केलाय. कसला स्वाधीन! तिच्या आडून मीच तो मुठीत धरून बसले होते. मूठ उघडली ती त्या लायब्ररीत. एका परक्या आईचं मागणं मी न वाचताच माझ्या स्वयंपाकघरात पुरं होत राहिलं, ते कुणी करवलं, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मी फक्त नवे तांदूळ घातले आणि हात जोडले, अन्नपूर्णेला आणि त्या आईला.

तेवढ्यात फोन वाजला. “आई, त्या गावात पोचले. अजून कुणी भेटलं नाही. उद्या पुन्हा विचारणार.” मी काही बोलायच्या आत ती स्वच्छ मराठीत म्हणाली, “आणि जेवले. पोटभर जेवले गं.”