तोंड माझं, आवाज तिचा

पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच मुलीचा आवाज आला.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी प्रत्येक गटाला व्हिडिओ करायला लावला होता. त्या दिवशी ते सगळ्यांना दाखवायचे होते. पालकांनाही बोलावलेलं. आमच्या गटात कॅमेरा एका बंगल्यातल्या मुलीचा, इंग्रजी संवाद सगळे माझे. त्या व्हिडिओत मी वकीलबाई झाले होते. कबनूरहून एसटीनं येता-जाता घोकून घोकून ते पाठ केले होते. आणि मला न विचारता गटातल्यांनी कॉम्प्युटरवर माझा आवाज पुसला. कॅमेरेवालीचा घातला.

मी सरांकडं बघितलं. ते वाकून म्हणाले, “मीच बदलायला सांगितला. तुझे उच्चार वस्तीतले येतात. गटाचे मार्क जायला नकोत.”

वस्तीतले. कुठली वस्ती, ते त्यांना माझ्या प्रवेश अर्जावरून ठाऊक होतं.

शेजारी आई बसली होती. तिचा जन्म यंत्रमागावर गेला. त्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात आणि बोलायचं तर ओरडूनच बोलतात. आईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण घरी घोकताना माझे ओठ तिनं रोज बघितले होते. भर हॉलमध्ये ती ओरडली, “व्हट तुझंच हायत की गं! ह्यो आवाज कुणाचा घातलाय?”

हॉल फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा हात दाबला. “गप की आई. लोकं बघायल्यात.”

ती गप्प झाली. पदर तोंडावर घेऊन बसली.

ते बघितलं आणि मी उठले. पुढं जाऊन आवाज बंद केला.

“खाली बस, नापास करीन,” सर म्हणाले.

“करा.”

मुक्या चित्राबरोबर माझे संवाद मीच म्हटले. घसा फोडून म्हटले. कुणी हसलं नाही. आईनं मात्र शेवटपर्यंत मान वर केली नाही. आता ती नाही. पण वर्गात शिकवताना मध्येच मला तो पदर दिसतो आणि माझी वाचा बसते.

हो, मी इंग्रजीच शिकवते. मुलांकडून व्हिडिओही करून घेते. यंदा वरून निरोप आला, पाहुणे येणार आहेत, चांगल्या उच्चारांच्या मुलांचाच आवाज ठेवा. मी जमणार नाही म्हणून लिहून दिलं. नोकरीवर आलं तरी बेहत्तर. आईला गप्प केलं तेव्हा मी सरांचंच काम केलं होतं. ते काम माझ्या हातून पुन्हा होणार नाही.