मागच्या दाराची प्रार्थना

"मावशी, खाली उतरा. आणि जाताना ते पुसून घ्या."

रविवारची उपासना. बाक भरलेले. मी स्टँडपाशी उभी, पुढ्यात बायबल, स्तोत्र निम्मं वाचून झालेलं. चर्च कमिटीचे सेक्रेटरीसाहेब मधल्या वाटेने आले आणि हे बोलले. आवाज चढवला नाही. पुण्यात अपमान असाच करतात.

मी उतरले. माझे हात टेकले होते ते लाकूड पदराने पुसलं. वर "सॉरी साहेब" म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

या चर्चमध्ये एकोणीस वर्षं मी झाडलोट करते, घंटा वाजवते, प्रभुभोजनाचे पेले धुते. जुने पाळक, म्हणजे आमचे पाद्री, बदलून गेले, आठ महिने झाले तरी नव्यांचा पत्ता नाही. तोवर कमिटीतल्यांनी आळीपाळीने उपासना चालवायची, तशी यादी दाराशी लावलेली. त्या रविवारी ज्यांची पाळी होती ते आलेच नाहीत. वीस मिनिटं झाली, लोक चुळबुळायला लागले, म्हणून मी उभी राहिले. एवढाच गुन्हा.

साहेब निवृत्त प्राध्यापक. आपले आजोबा शास्त्री होते, मग ख्रिस्ती झाले, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. माझे आजोबाही ख्रिस्ती झाले. गावाबाहेरच्या वस्तीतले. ते मला कुणी विचारत नाही.

आजाऱ्यांना भेटायला जायची मात्र यादी नव्हती. ते मीच करत होते, कुणी न सांगता. दर गुरुवारी कोथरूडला साहेबांच्या आईकडेही जायचे. बाई अंथरुणाला खिळलेल्या. माझा हात सोडायच्या नाहीत.

एक दिवस साहेबांचा फोन आला. "आईचं काही खरं नाही. तुम्हालाच बोलावतेय. मागच्या दाराने या, हॉलमध्ये कमिटी बसलीय. उगाच चर्चा नको."

कामापुरता मामा म्हणतात, ते हेच. तरी गेले. मागच्या दाराशी चपलासुद्धा काढल्या, हे सांगताना तोंड लपवावंसं वाटतं. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, "आली का ती?" काय झालं कुणास ठाऊक. चपला परत पायात घातल्या, बंगल्याला वळसा घालून पुढची बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या साहेबांचा चेहरा पडला. मी हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "प्रार्थना मी करणार आहे. तुम्ही आत या. नाहीतर तुमच्यातल्या कुणीतरी करा, मी बाजूला बसते."

मरणाला टेकलेल्या बाईला मी ताटकळत ठेवतेय, याचीही लाज वाटत होती. कुणी पुढे झालं नाही. मग एकेक जण उठून आत आला. साहेब सगळ्यात शेवटी. मी डोक्यावर पदर घेतला आणि मोठ्याने प्रार्थना केली. आमेन सगळ्यांना म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीला अर्ज दिला. मुलीने टाइप केला, सही माझी. उपासनेच्या यादीत माझं नाव घाला. आजाऱ्यांकडे मी जाईनच, पण पुढच्या दाराने. मुलगी म्हणाली, "आई, नोकरी जाईल." जाऊ दे. झाडायचं काम मला कुठेही मिळेल.

खाली हाताने एवढं लिहिलं: नकार द्यायचा असेल तर चिठ्ठी पाठवू नका. रविवारी सगळ्यांपुढे उभे राहा, मी पहिल्या बाकावर बसलेली असेन, आणि का नाही ते माझ्याकडे बघून सांगा.