मनमाडला जाणारी गाडी

मिनूचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात होते. "ताई, तू निघ," एवढंच ती म्हणाली, आणि मीही पुढे काही विचारलं नाही. सिन्नरच्या घाटात गाडी अडकली तेव्हा खाली उतरून मी रस्त्याच्या कडेने चालत सुटले, जणू चालत लवकर पोचणार होते. नाशिकला पोचले तोवर आईला बैठकीत ठेवलं होतं. दुपारी शिकवणीच्या मुलींना भूमितीची आकृती काढून देता देता खुर्चीत मागे टेकली, ती गेलीच. पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला तिचे इतके विद्यार्थी आले की चपला गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. प्रत्येकजण म्हणत होता, सुनंदा मॅडम गेल्या शांतपणे. मला ते ऐकवत नव्हतं. आईने आयुष्यात शांतपणे काही केल्याचं मला आठवत नाही.

ती मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. आजोबा रेल्वेत फिटर. घरातून गाड्यांचे आवाज यायचे, आणि त्यातल्या एकाही गाडीत बसून फार लांब जायला मिळालं नाही, याची तिला कायम चुटपुट असायची. नाशिकला गणिताची शिक्षिका झाली, पप्पांशी लग्न झालं, आम्ही दोघी झालो, तरी ती चुटपुट गेली नाही. मी आठवीत असताना शिक्षकांच्या अदलाबदलीच्या एका कार्यक्रमात तिची निवड झाली. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका लहान गावातली शिक्षिका वर्षभर आईच्या शाळेत शिकवणार, आमच्याच घरात राहणार, आणि आई तिच्या वर्गावर, तिच्या घरात. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एकट्या जाऊन या. पोरींना कुठे नेता?" आई म्हणाली, "गेलो तर चौघं जाऊ सर, नाहीतर कोणीच नाही." पप्पांनी सातपूरच्या कारखान्यातून बिनपगारी रजा काढली. मिनू पहिलीत होती. तिला फक्त एवढं कळलं होतं की खूप गाड्या बदलायच्या आहेत. निघताना आजोबांनी तिला कडेवर घेऊन सांगितलं, "घाबरायचं नाय. आपलं मनमाड लय मोठं जंक्शन हाय. सगळ्या गाड्या शेवटी इकडंच येतात."

ते गाव सुंदर होतं, आणि मला तर ते पहिल्याच आठवड्यात आवडलं. पण आईला सुरुवातीला फार जड गेलं. मुलांना तिचं इंग्रजी कळायचं नाही, तिला त्यांचं. मागच्या बाकावर कॅलम नावाचा एक उंच मुलगा बसायचा, तो तिच्या उच्चारांची नक्कल करायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. मी त्याच शाळेत होते, मला मधल्या सुट्टीत सगळं कळायचं. घरी आल्यावर आई कोट न काढताच स्वयंपाकघरात येरझारा घालायची, उद्याचा धडा मोठ्याने बोलून बघायची. पप्पांना तिथे काम करायची परवानगी नव्हती. आयुष्यात कधी रिकामा न बसलेला माणूस भाकरी थापायला शिकला, मिनूला शाळेतून आणू-नेऊ लागला, आणि हळूहळू गप्प होत गेला. मिनूचंही तेच. शाळेत ती एक शब्द बोलत नव्हती. बाईंनी आईला बोलावून विचारलं, घरी तरी बोलते का? आई म्हणाली, "बोलेल. वेळ द्या तिला." मग डिसेंबर आला. दुपारचा चहा होतो न होतो तोच बाहेर मिट्ट काळोख...

अशाच एका दुपारी मिनू घरातून नाहीशी झाली. ती झोपली आहे असं समजून पप्पा स्वयंपाकघरात होते. बघतात तर बिछाना रिकामा आणि मागचं दार उघडं. आमची शाळा नुकतीच सुटली होती. पप्पा धापा टाकत शाळेच्या फाटकात आले आणि मराठीतच ओरडले, "सुनंदा, मिनू घरात नाही!" शब्द कोणाला कळले नसतील, पण बाकी सगळं कळलं. आईच्या वर्गातली मुलं दप्तरं टाकून पांगली. कोणी बंदराकडे गेलं, कोणी चर्चच्या मागे. दुकानदार टॉर्च घेऊन बाहेर आले. आई पाण्याकडे धावली, कारण तिच्या मनात तेच आलं होतं. मी तिच्या मागे होते. तिच्या तोंडून मिनूचं नाव निघत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून कोणीतरी हाका मारल्या, "मिस! स्टेशनवर! स्टेशनवर आहे!"

ती कॅलमला सापडली होती. फलाटावरच्या बाकावर मांडीवर हात ठेवून नीट बसली होती म्हणे. त्याने काय काय विचारलं, तर ती एकच शब्द म्हणत होती, "मनमाड." त्या गावात आल्यापासून बाहेरच्या माणसाशी ती पहिल्यांदा बोलली, ते हे. त्याने आपलं जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि तिच्या शेजारी बसून राहिला. पुढे वर्गात त्याने आईला विचारलं, "मिस, मनमाड म्हणजे नक्की काय?" आईने फळ्यावर रुळांचं जाळं काढलं आणि त्या तासाला गणित झालंच नाही. त्या दिवसापासून तो वर्ग तिचा झाला.

घरात मात्र उलटं झालं. पप्पा म्हणाले, "बास. परत जाऊ." आई म्हणाली, "आता कुठे मुलं ऐकायला लागलीत हो." पप्पांनी तिच्याकडे बघितलं. "आणि आपली?" तिने वह्यांचा गठ्ठा ओढून तपासायला घेतला. भांडणापेक्षा ते वाईट होतं. नाताळच्या सुट्टीत पप्पा मिनूला घेऊन मनमाडला, आजोबांकडे परतले. मी थांबले, मला थांबायचंच होतं. स्टेशनवर मिनू खुशीत होती, खिडकीला नाक लावून हात हलवत होती. गाडी गेली आणि आई इतक्या झपाझप चालू लागली की मला पळावं लागलं. चौघं नाहीतर कोणीच नाही, हे तिचेच शब्द होते.

तिने वर्ष पूर्ण केलं, आणि फार छान केलं. पण दर रविवारी फोन लागला की मिनू यायची नाही. एकदा पप्पांनी बळेच रिसीव्हर तिच्या हातात दिला, तर तिने विचारलं, "कोण बोलतंय?" आम्ही परतलो तेव्हा ती आजोबांच्या मागे लपली. आजोबा आईला कौतुकाने 'आमच्या मॅडम' म्हणायचे, म्हणून मिनूही कितीतरी दिवस तिला मॅडमच म्हणत राहिली. आई 'ओ' द्यायची. नंतर दोघींचं इतकं जमलं की मीच बाजूला पडले. परदेशाची आणखी एक संधी आली होती, ती आईने मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्याउभ्या नाकारली आणि घरी सांगितलंही नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमरसासाठी आंबे पिळता पिळता ती अचानक म्हणाली, "तुम्हाला नेलं ते चुकलं का गं माझं?" मी म्हटलं, "मला तर आवडलं होतं. मिनूला विचार." ती म्हणाली, "तिला विचारायची हिंमत होत नाही." आणि तिने पुढचा आंबा घेतला.

तिने विचारलं नाहीच. म्हणून सगळे पाहुणे गेल्यावर मीच मिनूला विचारलं. तिने सतरंजीच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "ताई, मला तिथली भीती आठवत नाही. बाकावर बसलेली आठवते, आणि आई फलाटावरून पळत येताना आठवते. पायात एकच बूट. मला वाटलं, हीसुद्धा मनमाडलाच यायला निघाली. मी सरकून तिला जागा केली होती..." तिने सतरंजी कोपऱ्यात ठेवली. "मग खरंच गेलो तेव्हा ती आली नाही. राग होता त्याचा. पण तो कधीच गेला गं. तिला सांगायचं राहिलं."

त्या डिसेंबरनंतर आईला एक सवय लागली होती. दिवेलागण झाली की आम्ही कुठेही असलो तरी ती फोन करायची. "पोचलीस का घरी?" पोचले म्हटलं की बास, दुसरा विषय नाही. नोकरी लागली, लग्नं झाली, तरी चुकलं नाही. कधी कंटाळून मी फोन उचलायची नाही, तर उचलेपर्यंत वाजत राहायचा. आई गेल्यावर मी पुण्याला परतले, तर ती वेळ झाली की मी घरभर फिरत राहायचे, फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेत. मग एका संध्याकाळी तो वाजला. मिनू होती.

"पोचलीस?"

"पोचले."

ती ठेवत नव्हती, मीही ठेवत नव्हते. पलीकडे नाशिकच्या घरातलं गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला, परत उघडल्याचा आला.

"मिनू, बस की जरा."

"हो," ती म्हणाली, आणि चालतच राहिली.