पाइपवरचे ठोके

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. घरात कुणी जुन्या गिरणीचा विषय काढला की मी उठून अंगणात जायचो. आता लिहितोय, पण नेमकं काय झालं ते मला आजही नीट उलगडत नाही.

कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं, तेव्हाची ही हकीकत. गावाबाहेर एका जैन शेटजींची छोटी कापडगिरणी होती. मागावर चढवण्याआधी सुताला खळ लावायची, आणि ती खळ मोठ्या हौदात वाफेनं तापवायची. त्या खात्यात मी लागलो. खळ कमी तापली तर सुताला धरत नाही, फार उकळली तर पातळ होते. दोन्हीकडून सूत मागावर तुटतंच.

मुंबईहून आलेल्या मिस्त्रीनं हौदाला एक तबकडी बसवली. तिच्यावर दोन काटे. "लाल काटा मी लावून ठेवलाय, तेवढी गर्मी पाहिजे," तो म्हणाला. "काळा काटा फिरता. तो सांगेल तेवढी गर्मी आहे. दोघांतलं अंतर म्हणजे तुझी नोकरी."

मी मान डोलावली. दोन दिवस मी लाल काटाच वाचत होतो आणि खळ एवढी स्थिर कशी, याचं नवल करत होतो.

मिस्त्रीनं आणखी एक सांगितलं होतं. वाफ आत गेली तरी खळ तापायला वेळ लागतो, आणि खळ तापल्याचं काट्याला कळायला आणखी वेळ. याला त्यानं 'मागं राहणं' म्हटलं. किती वेळ, असं मी विचारलं. "ते मशीनच शिकवेल," म्हणून तो मुंबईला निघून गेला.

वाफेचा व्हॉल्व्ह भिंतीपलीकडे, बॉयलरपाशी होता. तिथं माझा धाकटा मेव्हणा. मुरगूडहून मीच त्याला आणून चिकटवला होता. गिरणीत कायम झाला की त्याचं लग्न, असं मुलीकडच्यांनी ठरवलं होतं. मशीनच्या आवाजात बोलणं पोचायचं नाही, म्हणून मी वाफेच्या पाइपवर पान्यानं ठोकायचो. एक ठोका म्हणजे व्हॉल्व्ह थोडा उघड, दोन म्हणजे थोडा बंद कर. काळा काटा दिवसभर लाल काट्याच्या खालीवर झोके घ्यायचा. जेवताना मेव्हणा चिडवायचा, "दाजी, खळ शिजवताय का पाळणा हलवताय?"

एके दिवशी सकाळी दिवाळीच्या मालाचं सूत खळीच्या मशीनवर चढलं होतं. शेटजी स्वतः फेरी मारणार होते. काळा काटा खालीच. मी एक ठोका मारला. काटा हलेना. पुन्हा एक मारला. काटा तसाच. तिसरा मारला, तेव्हा मेव्हणा घाम पुसत दारात आला.

"दाजी, बास की आता. वाफ गेलीया आत. जरा थांबूया."

"तबकडी तू बघतोस का मी?"

"तुम्हीच बघताय. पर..."

"मग जा आणि उघड."

तो गेला. जरा वेळानं काळा काटा हलला आणि लाल काट्याला ओलांडून सुटलाच. मी दोन ठोके मारले, परत दोन मारले. पण आत गेलेली वाफ थोडीच परत येणार? खळ उसळून हौदाबाहेर आली, आणि तिच्यातून गेलेलं सूत दुपारी मागांवर पटापट तुटायला लागलं.

शेटजींनी दोघांना उभं केलं. मला विचारलं, "किती येळा ठोकलंस?"

"एकदाच."

हे कसं तोंडातून गेलं, मला सांगता येत नाही. त्या क्षणी ते मला खरंच वाटलं का? तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. मेव्हण्यानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"व्हय मालक. एकच ठोका आला. माझाच हात जास्त फिरला."

"मग उद्यापास्नं येऊ नगंस," शेटजी म्हणाले.

संध्याकाळी घरी जाताना तो एवढंच बोलला, "अक्काला यातलं काय सांगू नका. उगं तुमच्यात वाद नको." बहिणीसाठी त्यानं अंगावर घेतलं, की माझी कीव आली, की मी घाबरलेला दिसलो? मी विचारलं नाही. लग्न मोडलं. तो मुरगूडला भावकीच्या शेतात राबत राहिला आणि एकटाच राहिला. बायको मला म्हणायची, "त्याला काम जमलं न्हाय, तुम्ही तरी काय करणार?" मी पुढचा घास घ्यायचो.

दरवर्षी जत्रेला गेलो की तो हसून विचारायचा, "काय दाजी, काटा काय म्हणतोय?" मीही हसायचो. त्याच्या मनात टोचणी होती की नुसती थट्टा, ते आजही कळत नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. मुरगूडच्या वाटेवर बैलगाडीत बसून मी वाक्यं जुळवली होती. त्याच्यापाशी बसलो, आणि तोंडातून आलं, "औषध वेळेवर घेतोस न्हवं?" त्यानं मान हलवली. मी उठलो.

जुळवलेली वाक्यं अशी होती: ठोके तीन होते, आणि तिन्ही मीच मारले. तू थांबूया म्हणालास, मी ऐकलं नाही. तुझा हात जास्त फिरला नव्हता. माझं चुकलं, मला माफ कर.